स्पंजामागची पिशवी

४ नोव्हेंबर, मंगळवार

आत्या,

मागच्या पत्रात मी तुला दोन गोष्टी चुकीच्या लिहिल्या. आधी त्या दुरुस्त करते, तुझी तब्येत मग विचारते.

एक, दातांच्या दवाखान्यातल्या टाकीतले एकोणीस मासे सोमवारी मेले असं मी लिहिलं. त्या सोमवारी, २७ ऑक्टोबरला, दहा मेले. तीन त्याआधीच्या गुरुवारी गेले होते आणि सहा शनिवारी. दोन, औषध घालण्यापूर्वी मी फिल्टरमधला कार्बन काढला होता असं लिहिलं. मी कार्बनची एक पिशवी काढली होती. दुसरी आतच राहिली.

चूक खोडताना एकच सरळ रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, हे तूच शिकवलंस. दुकानाच्या मागच्या टेबलावर, माशांच्या औषधांची लेबलं गिरवायला लावून. शाळेत बाईंनी पहिल्यांदा खोडरबर हातात दिला तेव्हा मी रडले होते, असं आई अजून सांगते. म्हणून मागचं पत्र फाडू नकोस. त्यातल्या त्या दोन वाक्यांवर तुझ्या हाताने रेघ मार.

आता क्रमाने लिहिते. मागच्या वेळी क्रमाने लिहिलं नव्हतं, कारण मला तुला पटवून द्यायचं होतं. तुला म्हणजे बहुतेक मलाच.

ती टाकी बाबाच सांभाळतात. बाहेरच्या खोलीत, जिथे लोक गाल धरून बसतात, तिथली चार फुटी. १८ ऑक्टोबरला त्यांनी तिच्या फिल्टरमध्ये, पाणी स्वच्छ राहावं म्हणून, नवा कार्बन भरला. २० तारखेला, सोमवारी, माशांच्या अंगावर पांढरे ठिपके दिसले, मीठ भुरभुरल्यासारखे. बाबांची पाठ धरली होती, म्हणून मंगळवारी मी गेले. फिल्टरच्या वरच्या कप्प्यातली कार्बनची पिशवी काढली आणि निळं औषध घातलं. कार्बन ठेवला तर तोच औषध शोषून घेतो, हे तुला सांगायला नको. पाणी निळं झालं. बुधवारी सकाळी बघते तर लख्ख. मी बाबांना फोन केला. ते म्हणाले, "काचेसारखं आहे ना? मग औषध लागू पडतंय. अजून घाल." मी अजून घातलं. रोज घातलं. दुसऱ्या दिवशी पाणी पुन्हा स्वच्छ, आणि मासे कमी.

पुढच्या सोमवारी, दहा मेले त्या दिवशी, दवाखान्यात फोन घेणाऱ्या मुलीने डॉक्टरीणबाईंना सांगितलं, की साफसफाईच्या मावशी साबणाची बादली घेऊन टाकीपाशी उभ्या होत्या. बाबा म्हणाले, झालं तर मग, दुसरं काय असणार. डॉक्टरीणबाईंना द्यायला दुकानाच्या कागदावर त्यांनी सांगितलं तसं मी लिहिलं : 'पाण्यात साबणाचा अंश गेल्याने मासे दगावले.' माझ्या अक्षरात आहे ते. मावशींना महिनाअखेरची मुदत मिळाली. शनिवार, २९ नोव्हेंबर हा त्यांचा शेवटचा दिवस.

काल मी रिकामी टाकी धुवायला गेले. फिल्टरमधला स्पंज ओढला तर मागे एक चपटी पिशवी. काळे दाणे. हिरव्या दोऱ्याची शिलाई. आत्या, ती शिलाई माझी आहे. महिन्याला चाळीस शिवते मी. दहा जणांच्या नजरेस पडणाऱ्या टाक्यांत बाबा स्पंजामागे एक जास्तीची पिशवी लपवतात, हे मला माहीत होतं. त्या मंगळवारी ते माझ्या डोक्यात आलं नाही आणि बाबांनीही सांगितलं नाही.

अजून एक. त्या टाकीतल्या गोगलगायी जिवंत आहेत. एकोणीस मासे मारणारा साबण गोगलगायी कशा सोडेल? हे मला त्या सोमवारी, कागद लिहितानाच सुचलं होतं. कागदावर मी ते लिहिलं नाही.

बाबा म्हणतात पिशवी टाकून दे. मी टाकलेली नाही. माझ्या कपाटात रुमालात गुंडाळून ठेवली आहे, चोरीचा माल असल्यासारखी. मी काय करू?

तुझी भाची


८ नोव्हेंबर, शनिवार

मोजपट्टी,

तब्येत विचारायची राहिलीच शेवटी. ठीक आहे. गुडघा कुरकुरतो, बाकी मी पाण्यातल्या रोपांत कंबरेपर्यंत उभी असते आणि कुणी माझं डोकं खात नाही.

तुझं पत्र वाचून मी खरं सांगते, हसले. माशांवर नाही गं. तुझ्या बापावर! सात वर्षांपूर्वी ह्याच कार्बनवरून आम्ही दोघं भांडलो आणि मी चप्पल घालून निघाले ते इथे येऊन थांबले. मी त्याला म्हणत होते, दादा, टाकीत झाडं लाव, वाळकी पानं टाक, पाणी चहासारखं तांबूस होऊ दे, मासे त्यात सुखाने राहतात. तर म्हणाला, "पाणी दिसताच कामा नये. माणसाला वाटलं पाहिजे मासे हवेत तरंगतायत." घे आता. तरंगले.

कार्बन ही आळशी माणसाची सोय आहे. पाणी बदलायला नको, माशांना कमी खायला घालायला नको, काळे दाणे कोंबा आणि गिऱ्हाइकाला चकचकीत पाणी दाखवा. माझ्या एकाही हौदात चिमूटभर कार्बन नाही.

तेव्हा तू काय करावंस? सोपं आहे. शिलाई मशीन बंद कर, बॅग भर आणि इकडे ये. मला हाताखाली मोजूनमापून काम करणारं माणूस हवंच आहे. दोन खोल्या आहेत, एक तुझी. दादाला त्याच्या काचेसारख्या पाण्यात बसू दे.

मी जिंकले म्हणून पेढा खा.

आत्या


१२ नोव्हेंबर, बुधवार

आत्या,

तू जिंकली नाहीस. रागावू नकोस, पण तुझ्या पत्रात मावशींचा शब्दसुद्धा नाही. मी पुन्हा पुन्हा शोधला.

मी त्यांच्याकडे गेले होते. तिसऱ्या मजल्यावर एक खोली, बाहेर गॅलरीत बादल्या पालथ्या घातलेल्या, आकाराने लावून. त्यांनी मला बसायला स्टूल दिलं आणि स्वतः उभ्या राहिल्या.

मी म्हटलं, "मावशी, त्या दिवशी बादलीत साबण होता का?"

"होता की. फरशी काय तुझ्या बाबांच्या निळ्या औषधाने पुसू?"

"टाकीत गेला का थोडासा?"

"बादलीत होता, टाकीत नव्हता. ह्यातला फरक तुला कळतो ना? शिकलेली आहेस."

मी मान हलवली. मग त्याच म्हणाल्या, "गुरुवारी तीन मेले तेव्हा जाळीने मी काढले. तुला सांगितलं. शनिवारी सहा काढले, तेही सांगितलं. ते तू कागदावर लिहिलंस का?"

मी म्हटलं, नाही.

"मग काय लिहिलंस गं तू?"

हे त्या चढ्या आवाजात बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या खरंच विचारत होत्या. त्यांना वाचता येत नाही. कागदावर काय आहे ते त्यांना कुणी वाचूनही दाखवलेलं नाही, फक्त त्यावरून काम गेलं एवढं कळलंय. मी त्यांना ते एक वाक्य तोंडाने म्हणून दाखवलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "अक्षर चांगलं असेल तुझं."

घरी आल्यावर मी दोन बरण्या घेतल्या. दोन्हींत सारखं पाणी, सारखं औषध, सहा-सहा थेंब. एकीत हिरव्या दोऱ्याची पिशवी टाकली, दुसरीत काही नाही. अधूनमधून दोन्ही ढवळल्या, दोन्ही सारख्याच वेळा. सकाळी दहाला दोन्ही निळ्या होत्या. संध्याकाळपर्यंत पिशवीची बरणी फिकट झाली आणि दुसऱ्या सकाळी तिच्यातून पलीकडचं कॅलेंडर वाचता येत होतं. दुसरी होती तशीच निळी. (बरणीत टाकलेली पिशवी नवी आहे, दवाखान्यातली नव्हे. ती मी वेगळी ठेवलीय. हे कुणालाही सांगताना मी स्पष्ट सांगेन.)

बरण्या मी काउंटरवर बाबांसमोर ठेवल्या. त्यांनी दोन्हींकडे बघितलं. मग म्हणाले, "हे मला माहीत नाही असं वाटतं तुला?"

"मग बुधवारी फोनवर 'अजून घाल' का म्हणालात?"

"विसरलो होतो. पाठ दुखत होती. माणूस विसरत नाही का?"

"विसरतो ना. मीही विसरले. तेवढंच सांगू या."

"आणि सगळ्या गावाला कळू दे की आपण स्पंजामागे पिशव्या लपवतो? उद्या सगळ्यांकडचे स्पंज बाहेर येतील. कार्बन चांगलाच आहे. वास घालवतो, रंग घालवतो."

"चांगला आहे हो. त्याला औषध आणि घाण ह्यांतला फरक कळत नाही एवढंच. तो आपल्याला कळायला हवा."

आई आतून म्हणाली, "मासे तरी एकदाच मेले. तुम्ही दोघं मला रोज मारताय."

तर आत्या, हे कार्बन घालावा का घालू नये असं भांडण नाहीये. मला वाटतं घालावा, लागेल तेव्हा. वाळक्या पानांचं तांबूस पाणी दातांच्या दवाखान्यात ठेवलं तर लोक त्यात चूळ कुणी भरली म्हणून विचारतील. औषध चालू असताना काढावा, झाल्यावर उरलेलं औषध काढायला पुन्हा घालावा. आणि लपवू नये. माझं एवढंच म्हणणं आहे.

तुझ्याकडून मला एकच गोष्ट हवी आहे. तू दुकानात होतीस तेव्हाही स्पंजामागे दुसरी पिशवी असायची का? दोन ओळींत लिहून दे. बाबा म्हणतील मी मनाने रचलं. तू लिहिलंस तर म्हणू शकणार नाहीत.

पेढा खाल्ला नाही.

तुझी भाची


१५ नोव्हेंबर, शनिवार

धाकटीस,

सात वर्षांनी लिहितोय. पोरगी तुला पत्रं पाठवते हे मला पहिल्यापासून माहीत आहे, तिकिटं माझ्याच खणातून जातात. कधी बोललो नाही. म्हटलं, लिहू दे.

आता बोलतो. तिच्या डोक्यात हे तू भरवलंयस. दोन बरण्या काउंटरवर मांडून बसते आणि येणारा प्रत्येक माणूस विचारतो, हे काय? मी सांगतो, शाळेतला प्रयोग. चोवीस वर्षांची घोडी झाली, शाळेतला प्रयोग!

त्या बाईचं मला वाईट वाटत नाही असं समजू नकोस. तिला दुसरीकडे काम मिळेल. मला या वयात दुसरं नाव मिळणार नाही. २८ तारखेला, शुक्रवारी, मी त्या टाकीत नवे मासे नेऊन सोडतोय, माझ्यातर्फे भेट. विषय संपेल.

तिने तुला काय विचारलंय ते मला माहीत आहे. उत्तर देण्यापूर्वी आठव. सगळं आठव. कुणी काय सुरू केलं तेही.

दादा


१९ नोव्हेंबर, बुधवार

मोजपट्टी,

चार दिवस कागद समोर ठेवून बसले होते. दादाचं पत्र आलं. तुला ते माहीत असेल किंवा नसेल.

तू विचारलंस त्याचं उत्तर : हो, असायची. आता ज्याची तू मागणी केली नव्हतीस ते लिहिते. ती पिशवी माझी युक्ती.

दुकान उघडलं ते पहिलं वर्ष. बाहेरच्या मोठ्या टाकीचं पाणी काही केल्या पिवळं दिसायचं, लोक काचेत डोकावून पुढे जायचे. मी आजीच्या जुन्या पातळ पडद्याची पिशवी शिवली, कार्बन भरला आणि स्पंजामागे सरकवली. दादाला म्हटलं, चार दिवसांपुरती. तो नको म्हणत होता. पाचव्या दिवशी पाणी बघून तोच म्हणाला, राहू दे. पुढे मला स्वतःचीच लाज वाटायला लागली, आणि ती लाज मी त्याच्यावर ओरडून काढली. तुला मागच्या पत्रात त्याची गोष्ट सांगितली तेव्हा माझा भाग मी गाळला. गाळण्यात मीही कमी नाही.

म्हणून आता माझं ऐक. जाऊ नकोस. तू बोललीस तर दादा मोडेल, आणि त्यात माझाही हात असेल. मावशींची सोय मी करते. माझ्याकडे हौद धुवायला माणूस लागतं. राहायला जागा देईन, काम हलकं आहे, अपमान करणारं कुणी नाही. तूही ये. दोघी या. कागद राहू दे त्या डॉक्टरीणबाईंच्या कपाटात, चार वर्षांनी कोण वाचतंय?

मी तुला कधी काही मागितलं नाही. हे मागते.

आत्या


२३ नोव्हेंबर, रविवार

आत्या,

तुझं पत्र तीनदा वाचलं. तू खरं लिहिलंस ते पहिलं पान मी जपून ठेवणार आहे. ते मी दवाखान्यात दाखवणार नाही. पिशवी कुणी सुरू केली ह्याच्याशी मावशींचा काही संबंध नाही. औषध घालताना ती आत होती आणि ते मी पाहिलं नाही, एवढ्याशी आहे.

दुसरं पान मी मानणार नाही.

तुझा निरोप मी मावशींना सांगितला, कारण काम त्यांना हवं की नको हे माझ्या मनाने ठरवणं बरोबर नव्हतं. त्या म्हणाल्या, "तुझी आत्या चांगली असेल. पण मी इथून गेले तर सगळे म्हणतील, साबणवाली गेली. मला जायचं असेल तर मी माझ्या पायाने जाईन. आधी ते वाक्य काढ." मी म्हटलं, खोडते. त्या म्हणाल्या, "खोडशील म्हणजे दिसणार नाही ना?" मी म्हटलं, दिसेल. एक रेघ मारून बाजूला खरं लिहिणार. त्या म्हणाल्या, "दिसू दे. बघू देत काय लिहिलं होतं ते."

बाबांना मी काल सांगितलं. लपूनछपून जायचं नव्हतं. नवे मासे शुक्रवारी सोडण्याच्या आधी मी जाणार, हेही सांगितलं, कारण एकदा टाकीत रंगीत मासे फिरायला लागले की मेलेल्यांची आठवण कुणाला राहणार नाही, आणि बाबांना नेमकं तेच हवंय. ते म्हणाले, "त्या दवाखान्याची पायरी चढलीस तर ह्या दुकानाची उतरलीस असं समज." मी म्हटलं, समजले. मग ते म्हणाले, "ह्या महिन्याच्या पिशव्या कुठायत?" मी शिवलेल्या नाहीत. एकही नाही. मशीनवर झाकण घालून ठेवलंय. त्यांनी झाकण उघडून बघितलं, मशीन तिथेच आहे ना म्हणून, आणि पुन्हा लावलं. रागाने नाही लावलं. नीट लावलं.

मला भीती वाटते, आत्या. मी अशी आहे की गॅस बंद केला का हे बघायला जिन्यावरून दोनदा परत येते. बाबांशिवाय मला एकही काम कुणी शिकवलेलं नाही, तुझ्याशिवाय एकही अक्षर. तुम्ही दोघं एकाच वेळी मला गप्प बस म्हणताय, हे सात वर्षांत पहिल्यांदाच तुमचं एकमत झालंय, त्याबद्दल अभिनंदन. आणि तरी मी जाणार आहे. काल मी आरशासमोर उभी राहून ते वाक्य म्हणून बघितलं. 'औषध वाया गेलं ते कार्बनमुळे. कार्बन आमचा होता. तो आत आहे हे बघणं माझं काम होतं.' तिसऱ्या वेळी न अडखळता म्हटलं.

दोन्ही बरण्या नेणार आहे, निळी आणि साफ. पिशवी नेणार आहे, रुमालाशिवाय. माझ्याकडे त्या कागदाची नक्कल आहे ती नेणार, आणि मूळ कागद डॉक्टरीणबाईंकडून मागून त्याच्यावर त्यांच्यासमोरच रेघ मारणार. मावशींना एकटीला गाठून माफी मागणं सोपं होतं, आणि ती मी मागितलीय. पण आरोप झाला तो डॉक्टरीणबाईंसमोर, त्या फोनवाल्या मुलीसमोर. तिथेच तो मागे घ्यायला हवा. गुरुवारी सकाळी त्यांचे पेशंट दहानंतर येतात, त्याआधी सगळे बाहेरच्या खोलीत असतात, मावशीही.

डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर काढलं तरी चालेल. दुकानाचं काम त्यांनी थांबवलं तर बाबांना मी स्वतः सांगेन. कुणी विचारलं तर बाकीच्या टाक्यांचं मी खरं सांगेन. मुद्दाम ओरडत फिरणार नाही, पण विचारल्यावर खोटं बोलणार नाही.

तुझ्याकडे यायचं का, हे आत्ता ठरवत नाही. पळून आल्यासारखं नको. आले तर तुझ्या हौदांशेजारी एक छोटी टाकी ठेवू देशील का, जिच्यात औषधानंतर दोन दिवस कार्बन घालता येईल? त्यावरून भांडायचं असेल तर आधीच सांग.

दुकानाची चावी मी काउंटरवर ठेवून निघेन, कुणी मागण्याआधी. हे पत्र तुला पोचेल आणि तू 'नको' लिहून पाठवशील, ते इथे यायला शनिवार उजाडेल. म्हणूनच आज टाकतेय.

गुरुवार, २७ नोव्हेंबर. सकाळी साडेनऊ.

तुझी भाची